कच्छहून आणलेली चकती डिस्कोसायक्लिना आहे का? ओळख पटवण्याची पद्धत, पायरीपायरीने

कच्छच्या फील्ड ट्रिपवरून परतलेल्या एम.एस्सी.च्या मुलांकडे हमखास एक पिशवी असते. तिच्यात नाण्यांएवढ्या, बटणांएवढ्या, काही तर टिकलीएवढ्या दगडी चकत्या असतात आणि पिशवीवर मार्करने लिहिलेलं असतं: ‘नुम्युलाइट्स’. त्यातल्या बऱ्याच चकत्या नुम्युलाइट्स असतातही. पण बऱ्याच नसतात. हा लेख त्या उरलेल्यांपैकी एका प्रजातीबद्दल आहे: डिस्कोसायक्लिना. फोरामिनिफेरा, थोडक्यात फोराम, म्हणजे कवच असलेले, बहुतेक समुद्रातले एकपेशीय जीव; नुम्युलाइट्सही त्यांतलेच. या गटातली ही नामशेष प्रजाती नेमकी कशी ओळखायची, वर्गीकरणात कुठे बसवायची आणि अहवालात नाव कसं लिहायचं, हे क्रमाने सांगतो. प्रजाती म्हणजे इथे जीनस. स्पीशीजसाठी मी ‘जाती’ म्हणणार आहे. मराठी पुस्तकांत हे दोन शब्द कधीकधी उलटेही वापरलेले असतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

हीच प्रजाती का निवडली? एक म्हणजे ती फसवी आहे. दुसरं, तिची एक प्रसिद्ध जाती थेट कच्छमधूनच जगाला कळली. मुंबई लष्करातल्या कॅप्टन वॉल्टर स्मी यांनी कच्छमध्ये जीवाश्म गोळा केले, कर्नल साइक्स यांनी ते लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे ठेवले आणि जेम्स द कार्ल सॉवर्बी यांनी 1840 मध्ये त्यांतल्या एका चकतीला ‘लायकोफ्रिस डिस्पान्सस’ असं नाव दिलं. (साइक्स म्हणजे तेच, ज्यांच्या नावाचा साइक्सचा चंडोल आपल्याकडचे पक्षिनिरीक्षक माळावर शोधत असतात.) आज ती जाती ‘डिस्कोसायक्लिना डिस्पान्सा’ म्हणून ओळखली जाते. म्हणजे तुमच्या पिशवीत जे आहे, त्याच्या मूळ नमुन्यांचा प्रदेश तुम्ही स्वतः पायाखाली घातलेला आहे. युरोपातल्या विद्यार्थ्याला ही सोय नाही.

महाराष्ट्रात मात्र हे जीवाश्म डोंगरात शोधत बसू नका. आपल्याकडे बहुतेक सगळा बेसाल्ट. इओसीन काळातली (साधारण 5.6 ते 3.4 कोटी वर्षांपूर्वीची) सागरी चुनखडी मुंबईसमोरच्या समुद्रतळाखाली आहे, बॉम्बे हाय आणि वसईच्या तेलक्षेत्रांत. पण ती फक्त विहिरी खोदताना निघणाऱ्या कोअरमधून (दगडाचे दंडगोल) आणि कटिंग्जमधून (दगडाचा चुरा) हाती येते.

लागणारं सामान

- हातोडी, छिन्नी, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, जीपीएस किंवा मोबाइल, कापडी पिशव्या, न पुसणारा मार्कर
- चाळण्यांचा संच. या मोठ्या फोरामसाठी अर्धा मिलिमीटर छिद्राची चाळणी पुरते, पण खाली 63 मायक्रॉनची ठेवा
- धुण्याचा सोडा, सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड, मऊ टूथब्रश
- जाड काचेचा तुकडा, कार्बोरंडम पावडर (600 आणि 1000 नंबर), बारीक पक्कड, चिमटा, अगदी बारीक ब्रश
- काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप, कॅनडा बाल्सम किंवा इपॉक्सी, गरम प्लेट
- स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि साधा ट्रान्समिटेड लाइटचा मायक्रोस्कोप
- आयपीस मायक्रोमीटर, आणि तो तपासून घ्यायला स्टेज मायक्रोमीटर
- फाउंटन पेनची शाई. चेष्टा नाही, पुढे लागते

1. नमुना उचलतानाच निम्मं काम करून ठेवा

कच्छमधल्या लखपत तालुक्यात फिरताना थरांचा, म्हणजे फॉर्मेशनांचा, क्रम डोक्यात पक्का हवा. खालून वर: मातानोमढ, नरेडी, हरुडी, फुलरा चुनखडी, मणियारा फोर्ट, खारी नदी, छसरा. (काळांचा क्रम, जुन्याकडून नव्याकडे: पॅलिओसीन, इओसीन, ऑलिगोसीन, मायोसीन.) यांपैकी नरेडी, हरुडी आणि फुलरा इओसीनचे. मणियारा फोर्ट ऑलिगोसीनचा. खारी नदी आणि छसरा मायोसीनचे. डिस्कोसायक्लिना पॅलिओसीनच्या उत्तरार्धात अवतरते आणि इओसीन संपताना, म्हणजे साधारण 3.39 कोटी वर्षांपूर्वी, कायमची जाते. कच्छमध्ये तिची गर्दी बघायची तर फुलरा चुनखडीत बघा.

याचा सरळ अर्थ असा, की मणियारा फोर्टच्या थरात गोल, फुगीर, दाणेदार चकती मिळाली तर पहिला संशय तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या फोरामवर, लेपिडोसायक्लिनावर, घ्यायचा, डिस्कोसायक्लिनावर नाही. पण थर बघून नाव ठरवायचं नसतं. जुन्या थरातली चकती झिजून, वाहून नव्या थरात जाऊन बसू शकते, आणि फुलरा व मणियारा फोर्ट यांच्यामध्ये तर खंड आहे, म्हणजे मधल्या काळात झीज झालेलीच आहे. थर फक्त संशय सांगतो. निकाल छेद देतो.

दोन सावधगिऱ्या. उतारावरून घरंगळलेल्या सुट्या चकत्या आणि थरातून स्वतः काढलेल्या चकत्या एकाच पिशवीत कधीही टाकू नका. सुट्या चकत्या हाताळायला सोप्या असतात, म्हणून मोह होतो. घ्या, पण वेगळ्या पिशवीत, वर ‘सुटा’ असं लिहून. आणि पिशवीवर लिहिलेलं पुसलं जातं, म्हणून आत एक चिठ्ठीसुद्धा टाका: जागेचे अक्षांश-रेखांश, फॉर्मेशन, थराच्या तळापासून किती मीटरवर, तारीख.

हा सीमेलगतचा तालुका आहे आणि त्यात नारायण सरोवरचं चिंकारा अभयारण्यही येतं. कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि अभयारण्याच्या हद्दीत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी, हे निघण्याआधीच करून घ्या. तिथे जाऊन पत्र मागवण्यात फील्डचा दिवस जातो.

2. धुणं

चकती मऊ मार्लमधली (चिकणमाती मिसळलेली चुनखडी) असेल तर काम सोपं. वाळवा, पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजत ठेवा, गरज पडली तर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड, मग चाळणीत वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने. टूथब्रश फक्त मोठ्या नमुन्यांना.

ॲसिड नको. हायड्रोक्लोरिक नको, व्हिनेगर नको, ‘अगदी दोन थेंब’ही नकोत. कवच कॅल्साइटचं आहे आणि भोवतालची चुनखडीही कॅल्साइटची. ॲसिडला दोन्हींतला फरक कळत नाही. बीएस्सीत दातांचे, हाडांचे किंवा कोनोडॉन्टचे जीवाश्म ॲसिडने मोकळे करताना पाहिलेलं असतं, त्यामुळे हा घोटाळा होतो.

नमुना घट्ट चुनखडीत अडकलेला असेल तर मोकळा करायच्या फंदात पडू नका. सरळ थिन सेक्शन (प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप) करा. पण त्यात छेद कुठल्या दिशेने जाईल हे नशिबावर असतं, म्हणून एकाच दगडाचे तीन वेगवेगळ्या दिशांनी काप घ्या.

3. बाहेरून बघून फक्त ढीग करा, नाव देऊ नका

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली चकत्या ओल्या करून बघा. ओलं केलं की पृष्ठभागावरची नक्षी उठून दिसते. मग ढीग लावा.

पृष्ठभागावर वळणाऱ्या किंवा आरीदार रेषा दिसतात आणि बारीक दाणे नाहीत किंवा तुरळक आहेत: बहुधा नुम्युलाइट्स. बाहेरूनच गुंडाळीचे वेढे मोजता येतात: असिलिना किंवा ऑपर्क्युलिना. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती: अल्व्हिओलिना. मधे फुगवटा, कड पापडासारखी पातळ, आणि सगळ्या अंगावर बारीक दाणे: हा आपला ढीग. दाण्यांचा ढीग पुन्हा दोन भागांत: ज्यांच्यावर ताऱ्यासारख्या किंवा केंद्रातून निघालेल्या उंच धारा आहेत त्या वेगळ्या, ज्यांच्यावर नाहीत त्या वेगळ्या.

हे दाणे म्हणजे कवचाच्या आतून वर आलेल्या खांबांची टोकं. खांब नुम्युलाइट्समध्येही असतात आणि लेपिडोसायक्लिनामध्येही. म्हणून दाण्यांवरून प्रजाती ठरत नाही. दाण्यांभोवती बाजूच्या कप्प्यांची जी फुलासारखी मांडणी असते ती जातीच्या पातळीवर उपयोगी पडते, पण नंतर.

4. छेद: सगळं इथे ठरतं

डिस्कोसायक्लिनाचं कवच तीन भागांचं. मधोमध कप्प्यांचा एकच पातळ थर, तो चकतीभर पसरलेला. त्याला मुख्य थर म्हणू. त्याच्या वर आणि खाली लहान-लहान चपट्या बाजूच्या कप्प्यांच्या राशी, आणि त्या राशींमधून गेलेले खांब. ओळख पटवायला दोन छेद लागतात: मुख्य थराच्या पातळीत जाणारा आडवा छेद, आणि चकतीच्या मध्यातून उभा कापणारा उभा छेद. एका छेदावर विसंबू नका.

आडवा छेद करण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली, चकती फोडणं. कच्छच्या सुट्या नमुन्यांपैकी काही मुख्य थरातून सहज उकलतात. चकतीची कड बारीक पक्कडीत धरून हलकेच दाबा. किंवा प्लेटवर चांगली तापवून गार पाण्यात टाका. नशीब असेल तर चकतीचे दोन पापुद्रे होतात आणि मुख्य थर उघडा पडतो. मग त्या पृष्ठावर पातळ केलेल्या शाईचा थेंब सोडून लगेच पाण्याने धुवा. शाई कप्प्यांच्या पोकळ्यांत राहते, भिंतींवरून निघून जाते, आणि सगळी जाळी लख्ख दिसते. थिन सेक्शनची मशीन नसलेल्या कॉलेजात हीच पद्धत वापरा. उलट काही अभ्यासक मशीन असूनही हीच पसंत करतात, कारण नमुना शिल्लक राहतो.

दुसरी, घासणं. काचेवर 600 नंबरची कार्बोरंडम पावडर चिमूटभर, त्यात पाण्याचे चार थेंब. चकती बोटाच्या टोकाखाली सपाट धरून आठच्या आकड्यात फिरवायची. फुगीर भाग आधी झिजतो. सुरुवातीला खांबांचे पांढुरके ठिपके आणि त्यांच्यामध्ये वेडीवाकडी जाळी दिसते. हा अजून बाजूच्या कप्प्यांचा भाग. ठिपके लहान व विरळ होत जातात, आणि अचानक कडेला वर्तुळाकार रेषा उमटू लागतात. इथून 1000 नंबरवर जायचं आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबून, धुऊन, ओल्या पृष्ठावर भिंग लावून बघायचं. मुख्य थर मध्याजवळ फारच पातळ असतो. कडेची वर्तुळं दिसायला लागल्यावर मध्यापर्यंत पोचायला फार घासावं लागत नाही, आणि मध्यातले भ्रूणकप्पे (जीवाचे सगळ्यात पहिले कप्पे) पूर्ण उघडे झाले की तिथेच हात आवरायचा. त्याच्या पुढे घासलं तर कप्पे गेले, आणि त्यांच्याबरोबर नमुन्याचा निम्मा उपयोगही गेला.

घासलेली बाजू बाल्समने स्लाइडवर चिकटवा, दुसरी बाजू घासत 30 मायक्रॉनच्या आसपास आणा, कव्हरस्लिप लावा. चकती एका बाजूला कलली तर मुख्य थर फक्त पट्ट्यासारखा दिसतो. अशी स्लाइड टाकून देऊ नका. ‘तिरकस’ लिहून ठेवा, तुलनेला लागते.

उभा छेद सोपा. चकती इपॉक्सीत उभी बसवा आणि मध्यापर्यंत घासा. भ्रूणकप्प्यांतून छेद गेला तरच तो खरा उभा छेद.

5. मायक्रोस्कोपखाली काय बघायचं, आणि कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक उत्तर काही उमेदवार बाद करतं.

*भिंत कशी आहे?* प्रकाश खालून सोडल्यावर भिंत काचेसारखी पारदर्शक दिसली पाहिजे. ती गडद तपकिरी, काळपट दिसत असेल तर पोर्सिलेनी भिंतीचा गट आहे आणि तुमच्या हातात बहुधा ऑर्बिटोलाइट्स आहे. तीही इओसीनची, तीही चकती, तिच्यातही वर्तुळाकार रांगा. गंमत अशी, की डिस्कोसायक्लिनाची आदर्श जाती, म्हणजे प्रजातीच्या नावाचा आधार असलेली जाती, 1846 मध्ये मिशलां यांनी प्रथम नोंदवली ती ‘ऑर्बिटोलाइट्स प्राटी’ या नावानेच. तेव्हा थिन सेक्शन करून आत बघायची रीतच रुळलेली नव्हती.

*गुंडाळी की वर्तुळं?* आडव्या छेदात मुख्य थर केंद्रातून सर्पिल वेढे घेत बाहेर जात असेल तर नुम्युलाइट्सचं घराणं. बंद वर्तुळं एकाबाहेर एक असतील तर पुढे चला.

*मुख्य थरातले कप्पे कोणत्या आकाराचे?* डिस्कोसायक्लिनात ते आयताकृती असतात. वर्तुळाची भिंत अखंड, आणि दोन वर्तुळांच्या मधली जागा आडव्या पडद्यांनी चौकटींत विभागलेली. शेजारच्या दोन वर्तुळांतले पडदे सहसा एका रेषेत येत नाहीत, आळीपाळीने येतात. बाहेरच्या बाजूला कप्पे उंच होत जातात. कप्पे कमानीसारखे, षट्कोनी किंवा चमच्याच्या आकाराचे दिसले तर थांबा: ऑर्बिटोक्लायपियस, लेपिडोसायक्लिना, किंवा क्रिटेशस (पॅलिओसीनच्या आधीचा काळ) थरात असाल तर ऑर्बिटॉइडिस.

*केंद्रात काय आहे?* मोठ्या भ्रूणाच्या नमुन्यात (म्हणजे काय ते सातव्या पायरीत) दोन कप्पे दिसतात: आत लहान गोल प्रोटोकॉन्क, आणि त्याला कमी-अधिक वेढून घेणारा मोठा ड्युटेरोकॉन्क. त्यांच्याभोवती लगेच साहाय्यक कप्प्यांचं पहिलं कडं.

*बाजूच्या कप्प्यांच्या राशी आहेत का?* हे उभ्या छेदात बघायचं. मधोमध एक सरळ पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना विटांसारखे रचलेले चपटे कप्पे, मधून खांब. ही रास नसेल आणि बाकी सगळं जुळत असेल तर ती सायक्लोक्लायपियस असू शकते. तिचे कप्पेही आयताकृती आणि वर्तुळांत असतात. पण ती ऑलिगोसीनपासूनची आणि आजही हिंदी व प्रशांत महासागरांत जिवंत आहे.

6. सगळ्यात जास्त फसवणारा छेद

याला वेगळा मथळा दिला, कारण इथे चांगली मुलंही फसतात. थिन सेक्शन मुख्य थराच्या जरा वरून गेलं तर बाजूच्या कप्प्यांची रास आडवी कापली जाते. त्या कप्प्यांची जाळी बहुकोनी दिसते. पुस्तकात लेपिडोसायक्लिनाच्या मुख्य थराचं चित्र पाहिलेलं असतं, ते षट्कोनी. दोन्ही जुळल्यासारखी वाटतात आणि इओसीनच्या दगडाला ऑलिगोसीनचं वय लावलं जातं.

ओळखायचं असं: जाळीत मधे-मधे स्वच्छ, भरीव गोल ठिपके असतील तर ते खांब आहेत आणि तुम्ही मुख्य थरात नाही. केंद्रात भ्रूणकप्पे नाहीत, आणि कप्प्यांची मांडणी केंद्राभोवती शिस्तीत नाही, या आणखी दोन खुणा. अशा छेदावरून प्रजातीचं नाव लिहायचं नाही.

7. एकाच जातीची दोन रूपं

मोठ्या फोरामिनिफेरांत पिढ्यांची अदलाबदल चालते, आणि त्यामुळे एकाच जातीचे दोन प्रकारचे सांगाडे मिळतात. एका रूपात भ्रूणकप्पे मोठे आणि चकती लहान. संख्येने हीच जास्त. दुसऱ्या रूपात भ्रूणकप्पा इतका बारीक की शोधावा लागतो, पण चकती मोठी. साहजिकच हात आधी मोठ्या, देखण्या चकतीकडे जातो. वर्गीकरणाला ती निरुपयोगी नाही, पण काम सुरू करा लहान चकत्यांपासून. भ्रूणकप्प्यांची मापं त्यांच्यातच घेता येतात.

दुसऱ्या रूपाचा एक धोका: त्याच्या केंद्राशी पहिले काही कप्पे सर्पिल रांगेत असतात आणि मग वर्तुळं सुरू होतात. ती छोटी गुंडाळी बघून ‘ही डिस्कोसायक्लिना नाही’ असं ठरवू नका. पाचव्या पायरीतला ‘गुंडाळी की वर्तुळं’ हा प्रश्न प्रौढ भागाबद्दल आहे.

8. जवळच्या नातेवाइकांपासून वेगळी करणं

डिस्कोसायक्लिना आणि तिच्यासारख्या प्रजातींच्या गटाला अभ्यासक सैलपणे ‘ऑर्थोफ्रॅग्माइन’ म्हणतात. म्युनिए-शालमास यांनी 1891 मध्ये दिलेलं ऑर्थोफ्रॅग्मिना हे प्रजातीचं नाव बाद झालं, पण गटाचं टोपणनाव म्हणून टिकलं. जुन्या भारतीय अहवालांत ते प्रजाती म्हणून भेटेल, गोंधळू नका.

कच्छसारख्या जुन्या जगाच्या (युरोप, आशिया, आफ्रिका) इओसीनमध्ये चार नावं लक्षात ठेवायची. डिस्कोसायक्लिना आणि नेमकोव्हेला एका कुळात; ऑर्बिटोक्लायपियस आणि अॅस्टेरोसायक्लिना दुसऱ्या कुळात. दुसऱ्या कुळातल्या कप्प्यांचा आकार पाचव्या पायरीत आलाच. अॅस्टेरोसायक्लिनात मुख्य थरच धारांच्या जागी जाड होऊन तारा तयार होतो. नेमकोव्हेला मात्र डिस्कोसायक्लिनाची जुळी शोभावी अशी: तिथेही आयताकृती कप्पे, तिथेही वर्तुळं. फरक एकाच वर्तुळातल्या शेजारच्या कप्प्यांना जोडणाऱ्या बारीक छिद्रांचा आहे. डिस्कोसायक्लिनात ती असतात, नेमकोव्हेलात नसतात. ही छिद्रं दिसायला छेद फार नेटका आणि मोठं करून बघावा लागतो. नाही दिसली तर प्रामाणिकपणे कुळाच्या नावावर थांबायला हरकत नाही.

आता तिसऱ्या पायरीत बाजूला ठेवलेला धारांचा ढीग. धारा म्हणजे अॅस्टेरोसायक्लिनाच, असं नाही. डिस्कोसायक्लिनाच्या काही जातींवरही धारा असतात, उदाहरणार्थ डिस्कोसायक्लिना रेडियन्स. पूर्वी अशांसाठी अॅक्टिनोसायक्लिना ही वेगळी प्रजाती मानत. हंगेरीच्या द्यर्द्य लेश यांनी 1987 मध्ये या गटाची आतल्या रचनेवरून फेरमांडणी केली, तेव्हापासून धारांना प्रजातीचं लक्षण न मानण्याकडे कल आहे. मलाही ते पटतं. धारा बाहेरून दिसतात म्हणून महत्त्वाच्या वाटतात, एवढंच.

9. वर्गीकरणाची शिडी लिहिणं

अहवालात हा क्रम चालतो:

संघ: फोरामिनिफेरा
वर्ग: ग्लोबोथॅलॅमिया
गण: रोटॅलिडा
अधिकुळ: नुम्युलिटॉइडिया
कुळ: डिस्कोसायक्लिनिडी, गॅलोवे, 1928
प्रजाती: डिस्कोसायक्लिना, ग्युम्बेल, 1870
आदर्श जाती: ऑर्बिटोलाइट्स प्राटी, मिशलां, 1846

जुन्या पुस्तकांत ‘वर्ग ग्लोबोथॅलॅमिया’ सापडणार नाही. ती मांडणी 2013 ची, जिवंत फोरामच्या जनुकीय अभ्यासावरून आलेली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘उपगण रोटॅलिना’ असतं. तुमचे परीक्षक कोणती मांडणी मानतात ते विचारून घ्या, पण दोन मांडण्यांची खिचडी करू नका. एक धरा आणि ती कोणाची ते लिहा.

जातीचं नाव लिहिताना कंस सांभाळा. डिस्कोसायक्लिना डिस्पान्सा (सॉवर्बी, 1840) यातला कंस शोभेचा नाही. सॉवर्बींनी ती जाती दुसऱ्या प्रजातीत, लायकोफ्रिसमध्ये, ठेवली होती आणि नंतर ती हलवली गेली, हे तो कंस सांगतो. प्रजाती अजून मूळचीच असेल तर कंस नाही. आणि ‘डिस्पान्सस’चं ‘डिस्पान्सा’ झालं, कारण लॅटिनमध्ये जातीचं विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. रोमन लिपीत लिहिताना दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं फक्त प्रजातीचं.

10. जातीपर्यंत जायचं असेल तरच पुढे वाचा

जाती एका नमुन्यावरून ठरत नाही. एकाच थरातल्या, मोठ्या भ्रूणाच्या, जमतील तितक्या चकत्यांचे आडवे छेद करा आणि प्रत्येकीत हे मोजा:

- प्रोटोकॉन्क आणि ड्युटेरोकॉन्क यांचा बाहेरचा व्यास, दोघांच्या सामाईक अक्षाला काटकोनात, मायक्रॉनमध्ये
- भ्रूणाभोवतीच्या पहिल्या कड्यातल्या साहाय्यक कप्प्यांची संख्या
- त्या कप्प्यांची आणि मुख्य थरातल्या कप्प्यांची उंची व रुंदी
- ड्युटेरोकॉन्कच्या कडेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत किती वर्तुळं बसतात

मोजण्याआधी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी आयपीस मायक्रोमीटर स्टेज मायक्रोमीटरवर तपासून घ्या आणि गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोबाइलने काढलेल्या फोटोवरून मोजणार असाल तर प्रत्येक फोटोत मोजपट्टी हवी. ‘सगळे एकाच झूमवर काढलेत’ हे परीक्षकाला पुरत नाही.

मग सरासरी काढायची. कारण डिस्पान्सा ही काळानुसार बदलत गेलेली परंपरा आहे: ब्रोकर्टी, टॉरिका, हंगेरिका, सेल्ला, डिस्पान्सा, उंबिलिकाटा अशा उपजाती एकामागून एक येतात आणि ड्युटेरोकॉन्कचा सरासरी व्यास वाढत जातो. सीमारेषा माणसाने आखलेल्या आहेत, त्यामुळे तुमची सरासरी रेषेवरच बसली तर आश्चर्य नको. अशा वेळी दोन्ही उपजातींची नावं मधे जोडरेघ देऊन लिहिण्याची पद्धत आहे. वयाचा अंदाज इथूनच येतो. फुलरा चुनखडीतल्या या गटावर अलीकडे आयआयटी मुंबईसह तुर्कस्तान आणि पाकिस्तानातल्या अभ्यासकांनी मिळून काम केलं आणि उथळ सागरी तळजीवांच्या क्षेत्रमालिकेतलं 17 वं क्षेत्र, म्हणजे इओसीनमधल्या बार्टोनियन टप्प्याचा आरंभ, तिथे बसवलं. तुमची मापं आधी त्यांच्या मापांशेजारी ठेवून बघा. फार वेगळी आली तर नवी जाती जाहीर करण्याआधी मायक्रोमीटर पुन्हा तपासा.

11. नाव ठरलं नाही तर

प्रजाती पक्की, जाती नाही: ‘डिस्कोसायक्लिना एसपी.’ लिहा. जातीशी जुळतं पण नमुने कमी किंवा झिजलेले: नावाच्या मधे ‘सीएफ.’. जवळची वाटते पण ठळक फरक आहे: ‘ॲफ.’. फक्त तिरकस छेद आहेत: ‘अनिश्चित ऑर्थोफ्रॅग्माइन’. या चारांपैकी कशानेही गुण कापले जात नाहीत. कापले जातात ते बाहेरून काढलेल्या एका फोटोखाली पूर्ण द्विनाम लिहिल्याने.

प्रत्येक स्लाइडच्या एका टोकाला थराचा नंबर, चकतीचा नंबर आणि छेदाची दिशा हिऱ्याच्या पेनाने कोरा. चिकटवलेली लेबलं पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात सुटतात. उरलेला अर्धा पापुद्रा, घासल्यावर राहिलेला तुकडा, काहीही फेकू नका. ज्या स्लाइडचा फोटो अहवालात जाणार आहे ती विभागाच्या संग्रहात नंबर घालून जमा करा आणि तोच नंबर फोटोखाली द्या. घरच्या खणात ठेवलेला नमुना पुढच्या माणसाला तपासता येत नाही.